अडीचनंतर शेड बंद

“पॉज आहे तो. गप्प राहा सगळे.”

नरसिंहअण्णांचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. १९९६ चा जुलै. पुण्यात नाटकाचं शिक्षण संपवून मी भावाकडे बंगलोरला आले होते. भाऊ कॉम्प्युटरच्या कंपनीत, दिवसभर बाहेर. मला घरात करमेना. कुणीतरी म्हणालं, यशवंतपूरला इथल्या जुन्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे, दर वर्षी नाटक बसवतात. मी गेले. पहिल्याच तालमीत एका वाक्याआधी मी जरा थांबले, तर विंगेतून तीन जणांनी एकदम पुढची ओळ माझ्या अंगावर फेकली. आणि त्यांच्या मागून हा आवाज.

प्रवेश संपल्यावर विंगेत जाऊन पाहिलं. घडीच्या लोखंडी खुर्चीवर पन्नाशी ओलांडलेला एक सडपातळ माणूस, राखी शर्ट, नखांच्या कडांना न निघणारी काळी रेघ, मांडीवर नाटकाची वही. हा मंडळाचा प्रॉम्प्टर.

“मी विसरले नव्हते हे तुम्हाला कसं कळलं?”

“हात बघायचे गं. माणूस अडकला की त्याचे हात काहीतरी शोधाय लागतात. पदर, खिसा, शर्टाचं बटण. तुझे हात शांत होते.” मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत, “पुण्याची ना? तुझं मराठी कसं, इस्त्री करून आणल्यासारखं आहे.”

“आणि तुमचं?”

“आमचं साडेतीनशे वर्षं वापरलेलं. स्वल्प मळलंय.”

मागून एक बाई ताकाची कळशी घेऊन आल्या. या त्यांच्या पत्नी, गोदूबाई. सगळं मंडळ त्यांना गोदूअक्का म्हणायचं. “हिला प्यायला दे आधी,” अण्णा म्हणाले. “हिचा घसा आहे, आपली नुसती तोंडं.”

अडकलेल्या माणसाला अण्णा दोन सेकंदांपेक्षा जास्त अडकू द्यायचे नाहीत. आणि ओळ अशी द्यायचे, की ती आपल्यालाच आठवली असं वाटायचं. पुढच्या सात महिन्यांत मी त्यांना एकदाच हा नियम मोडताना पाहिलं. तेच सांगायला बसले आहे.

अण्णा दर मंगळवार, गुरुवार, शनिवार बरोबर साडेतीनला हॉलवर हजर असायचे. काम करणारा माणूस दुपारी साडेतीनला मोकळा कसा, हे मला कोडंच होतं. एकदा सेटच्या दारासाठी जुन्या धाटणीचा अडसर हवा होता, तेव्हा ते म्हणाले, “उद्या शेडवर ये. दोनच्या आत ये पण.”

शेड म्हणजे पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतलं त्यांचं वर्कशॉप. चार पॉवर प्रेस, एक लेथ, एक ग्राइंडर आणि आठ माणसं. पत्र्यातून छोटे भाग कापून द्यायचे, हा धंदा. पत्रा कापणारं जे साधन, खालची डाय आणि वरून तिच्यात उतरणारा पंच, ते अण्णा स्वतःच्या हातांनी बनवायचे. त्यांचा भागीदार सुधींद्र, शाळेपासूनचा मित्र, गोलमटोल आणि बोलका, गिऱ्हाइकं सांभाळायचा.

आत शिरल्याबरोबर समोर पत्र्याची पाटी दिसली. पिवळ्यावर काळी अक्षरं: अडीचनंतर शेड बंद. खाली मराठीत आणि कानडीत दहा सह्या. पाटीच्या शेजारी काचेच्या फ्रेममध्ये एक ड्रॉइंग. मशीनच्या भागाचं असतं तसंच, काळ्या शाईतलं, मापांच्या बाणांसकट. एक मोठं वर्तुळ, त्याच्या कडेला चोवीस खाचा.

“हे कुठल्या मशीनचं?”

“माझं,” अण्णा म्हणाले.

कोपऱ्यातल्या चौकटीत लिहिलं होतं. भागाचं नाव: नरसिंहचा दिवस. प्रमाण: एकास एक. माल: आहे तेवढाच. चालणारी चूक: अर्धा तास इकडे-तिकडे. सहा ते अडीच, काम. पुढे नाटक. पुढे गोदू. पहाटेचा एक तास कोरा ठेवला होता, त्यावर नुसत्या तिरप्या रेघा.

“हा कोरा कशाला?”

“पाय पसरायला.”

“हसू नकोस हं,” सुधींद्र मागून म्हणाला. “या वर्तुळापायी आम्ही दोघांनी मोठ्या फॅक्टरीची नोकरी सोडली. अठ्ठ्याऐंशी साली. लोक म्हणाले, ही दोघं एकदमच कशी बिघडली?”

ती गोष्ट मला पुढे गोदूअक्कांनी सांगितली. अण्णा मोठ्या फॅक्टरीच्या टूलरूममध्ये चौदा वर्षं होते. तीन पाळ्या, शिवाय ओव्हरटाइम. एकदा भाच्याच्या मुंजीला गेले. पंगत उठली, हात धुतले, पान खाल्लं आणि अक्कांना येऊन विचारतात, “गोदू, मी जेवलो काय गं?”

“मी म्हटलं थट्टा करतायत,” अक्का सांगत होत्या. “पण तोंड बघितलं, तर खरंच ठाऊक नव्हतं. केळीच्या पानावर दोनदा पायस वाढून घेतलेला माणूस! त्या रात्री पेपर आणि शाई घेऊन बसले ते. मला विचारलं, तुला किती तास हवेत? मी म्हटलं, भाजी आहे काय ती, किती हवी विचारायला?”

“मग?”

“मग म्हटलं, तीन द्या.” अक्का लाजून हसल्या. “आठ वर्षं झाली. एक तास कमी केला नाही बघ.”

शेडमधल्या प्रत्येकाकडून अण्णांनी एक कार्ड लिहून घेतलं होतं: अडीचनंतर मी काय करणार. ती कार्डं पाटीखाली ओळीने टाचलेली. मोठ्या प्रेसवरच्या बसवंतचं कार्ड मला अजून आठवतं. बसवंत तिशीतला, आडव्या अंगाचा. त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात, संध्याकाळी सातला सुटणारी. त्याने लिहिलं होतं: मुलीला शाळेतून आणणार. तिची वेणी परत घालणार.

“येते तुला वेणी?” मी विचारलं.

“पाचपेडी पण येते, अक्का,” तो मला म्हणाला, आणि सगळं शेड हसलं.

अडीचला अण्णांनी स्वतः मेन स्विच खाली ओढला. यंत्रं थांबली तशी बाहेरच्या रस्त्यावरचे आवाज आत आले. “निघा,” अण्णा म्हणाले. “आपापल्या घरी जाऊन माणसासारखे दिसा.”

गणपती झाले, दसरा आला, आणि अण्णा तालमीला आल्यावरही कुठेतरी दुसरीकडेच असायला लागले. वही मांडीवर, पण अंगठा तर्जनीवर घासत बसायचे, काहीतरी चाचपल्यासारखे.

“काय झालंय?” मी विचारलं.

त्यांनी खिशातून पत्र्याची एक चकती काढून माझ्या हातात ठेवली. स्कूटरच्या ब्रेकमध्ये बसणारी, आठ आण्याएवढी. “कडेवरून बोट फिरव. हळू.”

कड टोचली.

“ही बर. पंचाची धार गेली की पत्रा कापला जात नाही, फाटतो, आणि कडेला अशी झालर राहते. धार सहा दिवस टिकायला हवी. तीन दिवसांत जातेय.”

“मग?”

“मग काय, पोलादाला पाणी मी दिलंय. तापवायचं किती, तेलात बुडवायचं कधी, ते डोळ्यांनी ठरतं, रंगावरून. माझे डोळे गेले असणार.”

त्यांनी नवा पंच बनवला. तोही तीन दिवसांत बोथट झाला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन नवा चष्मा आणला. पोलाद विकणाऱ्या जुन्या व्यापाऱ्याशी भांडून आले आणि दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागून आले. तिसरा पंच बनवला, तेव्हा पाणी देताना शेजारच्या शेडमधल्या तरुण कारागिराला उभा केला. “तू बघ रे रंग, मला दिसत नाही.” पीण्यात ज्यांच्याकडे लोक शिकायला यायचे, तो हा माणूस.

टूल लवकर बोथट झालं, तर कुठलाही टूलमेकर पहिला प्रश्न विचारतो: किती चाललं? हा प्रश्न अण्णांना पडलाच नाही. त्याचं उत्तर भिंतीवर दहा सह्यांनिशी लावलेलं होतं.

आणि सुधींद्र? सुधींद्र त्यांची फार काळजी घ्यायचा. एका शनिवारी अण्णा उशिरापर्यंत थांबून डाय तपासणार होते, तर हा त्यांना स्वतःच्या स्कूटरवर बसवून हॉलवर सोडून गेला. मी पायरीवरच होते.

“नरश्या, ते लोखंड कुठे पळून जात नाही. तुझे नट पळून जातील,” तो म्हणाला. मग मला, “मनू, याला साडेपाचच्या आत सोडायचं नाही हं. वर्तुळ मोडलं तर हा आजारी पडतो.” जाताना त्याने खिशातून एक पेन्सिलीएवढा टॉर्च काढून अण्णांना दिला. “विंगेत वही दिसत नाही म्हणालास ना? घे.”

अण्णा तो टॉर्च लहान मुलासारखे सगळ्यांना दाखवत फिरले. “मित्र बघ कसा आहे. मी खराब माल काढतोय, आणि हा मला टॉर्च देतोय.”

डिसेंबरचा पहिला मंगळवार. अण्णा आले ते हातात कापडी पिशवी घेऊन. आत, फडक्यात गुंडाळलेला, पंच.

“घरी नेतोय. भिंगाखाली बघतो नीट. उद्या सकाळी सहाला परत लावेन.”

“नाटकाच्या तालमीला लोखंड?” गोदूअक्का म्हणाल्या. त्या ताक ओतत होत्या. थोडं बाहेर सांडलं. “ठेवून यायचं होतं की तिथंच.”

“घरीच चाललाय तो, पाहुणा म्हणून.”

तालीम सुरू झाली. माझा आणि नाटकातल्या सासूचा प्रवेश. सव्वाचार झाले असतील. हॉलच्या दारात सायकल आपटल्याचा आवाज झाला आणि बसवंत आत आला. घामाघूम, अंगात कामावरचा निळा शर्ट.

“अण्णा, पंच द्या. सुधींद्रअण्णांनी मागितलाय. प्रेस थांबलीय.”

आम्ही स्टेजवर होतो तसेच थांबलो. अण्णांनी वही मिटली नाही. बोट ओळीवरच होतं.

“कुठली प्रेस थांबलीय, बसवंता?”

“मोठी... आपली...” आणि मग त्याच्या लक्षात आलं. काय लक्षात आलं ते त्याला नीट समजेना, पण चेहरा उतरला. त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, तिथून कॉलरकडे, कॉलरवरून परत खिशाकडे.

अण्णांनी नेहमीसारखी, अगदी हलक्या आवाजात, त्याला ओळ दिली. “दुसरी पाळी चालते.”

“दुसरी पाळी चालते,” बसवंत म्हणाला.

“केव्हापासून?”

“गौरी-गणपतीपासून. तीन ते दहा.” आणि मग एकदम घाबरून, “तुम्हाला ठाऊक नाही काय? अय्यो! सुधींद्रअण्णा म्हणाले, तुम्हीच सांगितलंय चालवा म्हणून. फक्त तुमच्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही, तुम्हाला त्रास होतो, तब्येतीला बरं नाही म्हणाले. आम्हाला वाटलं...”

“आणि तुझी पोरगी?”

“शेजारची आणते.”

“वेणी?”

बसवंतने बाहीने घाम पुसला. “केस कापून टाकले तिचे,” तो म्हणाला.

अण्णा उठले. वही त्यांनी माझ्या हातात दिली आणि पिशवी उचलली. मोपेडची किल्ली त्यांना दोन्ही खिशांत सापडेना. ती हातातच होती. ते पाहून मी मोपेडवर मागे जाऊन बसले. गोदूअक्का ओगराळं हातात धरून तशाच उभ्या होत्या.

शेडमध्ये दिवे लागले होते. तीन प्रेस धडाधड चालत होत्या. निम्मी माणसं नवीन, मी कधी न पाहिलेली. पाटी जागेवरच होती, पण तिच्या एका स्क्रूला कुणीतरी जेवणाचा डबा अडकवला होता. अण्णांना दारात पाहून जुन्यांपैकी एकाने प्रेस बंद केली, मग दुसऱ्याने, मग सगळ्या बंद झाल्या.

“आलास?” सुधींद्र म्हणाला. आवाजात आश्चर्य नव्हतं. थकवा होता. “पंच दे.”

“धार लावून देतो.”

अण्णा ग्राइंडरवर बसले. वीस मिनिटं लागली. ठिणग्यांचा बारीक फवारा, मग थांबणं, मग माप, मग परत फवारा. पंच प्रेसमध्ये बसवला, पत्र्याची पट्टी आत सारली, एक ठोका घेतला. खाली पडलेली चकती उचलून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, आणि ती सुधींद्रच्या तळहातावर ठेवली.

“बघ. पाणी बरोबर होतं.”

“नरश्या...”

“पोलाद बरोबर होतं. डोळे बरोबर होते. दोन महिने मी माझे हात धुवून धुवून बघतोय, सुधी. त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला मी चोर म्हणालो. परक्या पोराला विचारलं, रंग बघ रे, मला दिसत नाही. तू तिथंच उभा होतास. चहा पीत होतास.”

सुधींद्रने चष्मा काढून शर्टाला पुसला. “सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.”

“होय.”

“म्हणून नाही सांगितलं. नवीन कंपनी आली ती तिप्पट माल मागते. नाही म्हटलं तर ते बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांकडे जाणार, आणि त्यांच्या मागोमाग जुनी गिऱ्हाइकं पण. मग तुझं हे अडीच कुठे वाजणार होतं? तू तिकडे विंगेत बसून लोकांना ओळी देतोस, कारण मी इथं दहापर्यंत बसतो. तुझं वर्तुळ मी उभं धरलंय, नरश्या. दोन्ही हातांनी. एकदा तरी विचारलंस, सुधी, तुझ्या वर्तुळाचं काय झालं?”

हे सगळंच खोटं नव्हतं. अण्णांनाही ते कळलं असावं. ते भिंतीवरच्या ड्रॉइंगकडे बघत राहिले.

“ड्रॉइंगमध्ये बदल करता येतो,” शेवटी ते म्हणाले. “आपण रोज करतो. पण बदल केला की कोपऱ्यात लिहितात. काय बदललं, तारीख, सही. नाहीतर कारागीर जुन्या मापावर काम करत राहतो, आणि भाग बसत नाही म्हणून स्वतःला दोष देतो. ही आपल्याला एकाच मास्तरने शिकवलेली गोष्ट आहे. तू लिहिलं असतंस तर मी भांडलो असतो. शिव्या दिल्या असत्या. कदाचित सही पण केली असती.”

“कदाचित.”

“ते ‘कदाचित’ माझं होतं. ते तू घेतलंस.”

सुधींद्रचा चेहरा लाल झाला. आणि मग त्याने ते सांगितलं, जे न सांगता चाललं असतं. “माझ्या एकट्यावर काय ओरडतोस? वैनींना विचार. त्यांना दसऱ्यापासून ठाऊक आहे.”

अण्णांनी हत्यारांच्या कपाटातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला. पाटीवरचा डबा काढून, धक्का लागणार नाही असा, बाकावर ठेवला. पाटीचे चार स्क्रू काढले, पाटी काखेत घेतली, आणि ते चारही स्क्रू परत भिंतीतल्या आपापल्या भोकात फिरवून बसवले. ड्रॉइंगला हात लावला नाही. जाताना म्हणाले, “तुझा मेन स्विच तू बंद कर.”

हॉलवर परतलो तेव्हा बाकीचे गेले होते. गोदूअक्का पायरीवर बसल्या होत्या, कळशी शेजारी. मी आत जायला निघाले, पण अण्णा तिथंच उभे राहिले आणि पायरी अरुंद होती.

“ठाऊक होतं?”

“होय.”

“कुणी सांगितलं?”

“सुधींद्रभावजींच्या बायकोने. बाजारात. तिला वाटलं मला ठाऊक असेल.” अक्कांनी वर बघितलं. “तुम्ही घरी येता, तर चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागता. चौदा वर्षं त्या फॅक्टरीत होतात, तेव्हा आपल्या घरात फक्त भांडी बोलायची. मला ते परत नको होतं. म्हटलं, चालतंय तसं चालू दे. माझे तीन तास मला मिळतायत.”

“गोदू, मी त्या टेबलापाशी भिंग लावून बसायचो. माझ्याच हातांना शिव्या द्यायचो. तू समोर भाजी निवडत होतीस.”

अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“तेव्हा सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या.

“होय की,” अण्णा म्हणाले.

मोपेडवर दोघं नेहमीसारखी गेली. अक्का मागे, कळशी मांडीवर, आणि दोघांच्या मधे उभी धरलेली ती पिवळी पाटी.

अण्णांनी शेड सोडलं. कोर्ट नाही, भांडण नाही. पहिले दोन आठवडे घरी होते. मी त्यांच्या मत्तीकेरेच्या घरी भेटायला गेले, तर दुपारचे बारा असतील, हे ओट्यावर बसलेले.

“किती वाजले गं?”

“बारा.”

“मला आता दिवसभर अडीचच वाजलेत.”

अण्णा हसले. मी हसले नाही. आतून अक्कांनी विचारलं, कॉफी आणू काय? त्याला अण्णांनी “सरी”, म्हणजे बरं, म्हटलं. तेवढंच. पूर्वी अक्कांनी कॉफी विचारली, की बियांपासून सुरू होऊन धरणाच्या पाण्यापर्यंत गप्पा जायच्या.

जानेवारीत त्यांना बोम्मसंद्र्याला नोकरी लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस आणि मग कंपनीची गाडी. तिथल्या मुलाखतीची गोष्ट त्यांनी मला तालमीत साभिनय सांगितली, मॅनेजरचा पुढे झुकलेला टाय सुद्धा करून दाखवला.

“तो म्हणतो, ‘तुमची काही अट?’ मी म्हटलं, ‘एकच. पाळ्या किती ते सांगा.’ तो घाबरला. म्हणतो, ‘तीन आहेत, आळीपाळीने, तुमच्या वयाला जरा जड...’ मी म्हटलं, ‘तीन असू देत नाहीतर तेरा. सांगितलंत ना? आयतु, झालं. सही कुठे करू?’”

“अण्णा, आणि वर्तुळ?”

“ते भिंतीवर आहे की. सुंदर काढलं होतं हं.”

ज्या आठवड्यात पाळी जुळायची, त्या आठवड्यात ते तालमीला येत. बाकीच्या दिवशी आदल्या संध्याकाळी कुठल्यातरी दुकानातून मंडळाला फोन करत: “उद्या नाही. दुसरी पाळी.” न चुकता. गोदूअक्का मात्र दर तालमीला यायच्या. ताक वाटायच्या. साडेपाचला कुणाची वाट न बघता बसने जायच्या.

प्रयोग फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी होता. अण्णांनी कुणाबरोबर तरी पाळी बदलून घेतली होती. विंगेत लोखंडी खुर्ची, मांडीवर वही, हातात बस-स्टँडवर मिळतो तसला जाडजूड, ओबडधोबड टॉर्च. सुधींद्रने दिलेला पेन्सिलीएवढा कुठे दिसला नाही. नाटक चांगलं झालं. माझ्या त्या पॉजला सबंध हॉल श्वास धरून बसला, आणि विंगेतून आवाज आला नाही.

पडदा पडल्यावर आम्ही सगळे विंगेत कोंबलेले, तोंडावरचे रंग घामाने ओघळत होते. ताकाची भांडी फिरत होती. तेवढ्यात मागच्या दाराने सुधींद्र आला. तिसऱ्या रांगेत बसला होता, मी पाहिलं होतं. तो आमच्यातून वाट काढत अण्णांच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. आवाज एकेक करून बंद झाले.

अण्णा बसलेलेच होते. त्यांनी मान वर केली.

सुधींद्रने तोंड उघडलं. “नरश्या,” तो म्हणाला. मग काही नाही. त्याचा उजवा हात चष्म्याकडे गेला. चष्मा काढला, परत घातला. हात खिशात गेला, रिकामा बाहेर आला. मग शर्टाचं वरचं बटण त्याला सापडलं, आणि ते तो फिरवत राहिला, फिरवतच राहिला.

अण्णा त्याच्या हातांकडे बघत होते.

दोन सेकंद गेले. पाच गेले. मागे कुणीतरी घसा खाकरला. ओळ काय आहे ते आम्हा सगळ्यांना कळत होतं, एखादा लहान मुलगासुद्धा सांगू शकला असता. अण्णांचे ओठ हलले नाहीत.

शेवटी गोदूअक्काच पुढे झाल्या. हातातलं ताकाचं भांडं पुढे करत म्हणाल्या, “भावजी, तुम्हाला म्हणायचंय की...”

“गोदू,” अण्णा म्हणाले. आवाज नेहमीचाच, हलका, पहिल्या रांगेलाही ऐकू न जाणारा. “त्याची ओळ आहे ती.”

अक्कांचा हात तिथंच थांबला. सुधींद्र आणखी थोडा वेळ उभा राहिला. बटणाचा दोरा सुटला आणि बटण त्याच्या बोटांत आलं. ते मुठीत धरून तो आला त्याच दाराने निघून गेला.

अण्णा उठले, वही मला दिली आणि लोखंडी खुर्चीची घडी घातली.